लेथ म्हातारा नाही, तुम्ही घाईत आहात

मांडव्याला उतरणाऱ्या आपल्यासारख्यांना जेट्टी, बस आणि अलिबागचा रस्ता एवढंच दिसतं. मार्च 2020 मध्ये रो-रो सुरू झाल्यापासून तर गाडीसकट पार. पण याच किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या आहेत, होड्यांना इंजिन आहे आणि इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा शाफ्ट आहे. पावसाळी बंदीत होड्या वर ओढल्या की झिजलेले शाफ्ट लेथवर जातात. मग नारळी पौर्णिमा जवळ आली की प्रत्येकाला आपलाच शाफ्ट आधी हवा असतो. या घाईत जॉब टेपर निघाला की एक ठरलेलं उत्तर मिळतं: "लेथ म्हातारा झालाय, थोडा टेपर येणारच."

मला हे उत्तर साफ नामंजूर आहे. बहुतेक वेळा तो लेथचा दोष नसतो, टेलस्टॉक जागेवर नसतो. आणि तो जागेवर नसतो कारण तो लावायला लागणाऱ्या अर्ध्या तासाचे पैसे द्यायला आपण गिऱ्हाइकं तयार नसतो.

ज्यांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं वर्कशॉप मित्राच्या जर्नलवर काढलं त्यांच्यासाठी थोडक्यात. लांब जॉब दोन सेंटरच्या मध्ये धरतात, एक हेडस्टॉकमध्ये, दुसरं टेलस्टॉकमध्ये. टूल बेडला समांतर चालतं. टेलस्टॉक आडवा सरकलेला असेल तर जॉब तिरका उभा राहतो, आणि टूल बिचारं सरळच जातं. टेलस्टॉक जितका सरकला, त्याच्या दुप्पट फरक व्यासात. समजा दीड मीटरचा शाफ्ट आहे आणि टेलस्टॉक 0.2 मिलीमीटर बाजूला आहे. टोकापासून टोकापर्यंत व्यासात 0.4 चा फरक पडला! शाफ्टचे दोन बुश 1.2 मीटर अंतरावर असतील तर तिथे 0.32. टर्नरने माप एकाच टोकाला घेतलं आणि दोन्ही बुश एकाच मापाने बोअर केले, तर एक आवळणार, दुसरा खुळखुळणार. खुळखुळणाऱ्या बाजूला शाफ्ट थरथरतो, ग्लँडचं पॅकिंग खातो, पाणी आत येतं. तांडेल ग्लँड आवळतो. आवळलेलं पॅकिंग शाफ्टवर चर पाडतं. पुढच्या पावसाळ्यात शाफ्ट परत लेथवर.

(पंखा बसतो ते टोक मुद्दाम टेपर असतं, ते वेगळं. ते आखडं टोक कंपाउंड स्लाइड फिरवून करतात.)

तुम्ही म्हणाल, टेलस्टॉक आडवा सरकतोच कशाला? कारण ती सोय आहे. लांब आणि सौम्य टेपर हवा असेल तर तो मुद्दाम सरकवतात. काम झालं की मागच्या शून्याच्या रेघेवर परत आणतात आणि झालं म्हणतात. पण ती रेघ डोळ्यांसाठी आहे. डोळ्याला 0.2 दिसत नाही. उंचीतल्या चुकीला मात्र लोक उगाच घाबरतात. 50 मिलीमीटरच्या शाफ्टला टेलस्टॉक 0.1 ने वर असेल तर व्यासात फरक जेमतेम 0.0004 चा. आडवा तेवढाच सरकला तर 0.2 चा!

लेथ खरंच म्हातारा आहे का, हेही कळतं. जॉब तीन जागी मोजा. फरक एका टोकाकडून दुसऱ्याकडे सारख्या दराने वाढत असेल तर आधी टेलस्टॉक बघा. मधे जाड आणि दोन्ही टोकांना बारीक असेल तर जॉब वाकतोय, स्टेडी लावा. चकजवळच्या भागातच माप बिघडत असेल तर बेड झिजलाय म्हणा, मी ऐकून घेईन. टेलस्टॉक न लावता, फक्त चकमध्ये धरलेला आखूड जाड बारही टेपर निघाला तर हेडस्टॉक किंवा पिळलेला बेड. मायक्रोमीटरने तीन मापं घ्यायची नाहीत आणि निदान मात्र वयाचं! आपल्याकडे लॉग न वाचता नवा सर्व्हर मागणारे असतात, तीच जात.

मग उपाय काय होतो? जाड टोकाला कानस आणि एमरी. माप येतं, शाफ्ट गोल आणि सरळ राहत नाही. "सीएनसी घ्या" म्हणणाऱ्यांनी फार हसू नये. तिथेही टेलस्टॉक असतो, आणि तो तिरका असेल तर प्रोग्रॅममध्ये उलटा टेपर लिहून मोकळं होणारे लोक आहेत. आपल्या हापिसातल्या हॉटफिक्सचा सख्खा भाऊ. त्या जॉबला चालतं. पुढचा जॉब निम्म्या लांबीचा आला की तीच चूक निम्म्या अंतरात मावते, म्हणजे टेपर दुप्पट तीव्र, आणि लिहिलेली भरपाई चुकीची.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. दोन कॉलर असलेला एक बार कारखान्यात कायमचा ठेवा. सेंटरच्या भोकातला कीस पुसा, बार लावा. क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्ही कॉलरवर हलका कट घ्या आणि मोजा. टेलस्टॉककडची कॉलर जाड असेल तर टेलस्टॉक आपल्याकडे आणायचा, बारीक असेल तर पलीकडे. डायल लावून फरकाच्या निम्मा सरकवा. कॉलर बारच्या टोकांना नसतील तर लांबीच्या प्रमाणात जास्त. क्लॅम्प आवळताना तो पुन्हा हलतो, म्हणून आवळून परत कट, परत माप.

ह्यात दिसण्यासारखं काही नाही, त्यामुळे बिलात ते धरता येत नाही. "नुसता डायल लावून बसला होता, त्याचे कसले पैसे?" हे म्हणणारे मुंबईत ताशी दराने क्लायंटला बिल लावतात, हे विशेष. घासाघीस करा, पण मटेरियलवर करा. सेटिंगची ओळ बिलात वेगळी लिहायला सांगा, ती पूर्ण द्या, आणि त्याच बिलावर शाफ्टची तीन जागची मापं मागा. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नको, जूनमध्येच मागा.