कॅल्शियमची बाटली आणि सैल खुबा

लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डचे पिल्लू घरी आले की पाठोपाठ कॅल्शियमची बाटलीही येते. जात मोठी, हाडे मोठी, मग कॅल्शियमही जास्तच लागणार, हा हिशेब सगळ्यांना पटतो. पुढे आठ-दहा महिन्यांत तेच पिल्लू उठताना अवघडते, जिन्यापाशी थबकते, धावताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या मारते. तेव्हा निदान घरीच होते: कॅल्शियम कमी पडले. आणि चमचे वाढतात.

हे निदान चूक आहे, आणि त्यावरचा उपाय घातक आहे.

अशा लक्षणांमागे बहुधा हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याच्या सांध्याचा दोष असतो, आणि तो हाडे कच्ची राहण्याचा आजार नाही. कुत्र्यांमधला हा दोष अमेरिकेतील पशुवैद्य गेरी श्नेल यांनी १९३५ मध्ये नोंदवला. त्यानंतर त्याची घडण बरीच उलगडली आहे. जन्मतः पिल्लाचे खुबे बहुधा ठीक असतात. वाढीच्या पहिल्या काही महिन्यांत सांधा सैल पडतो, मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत घट्ट बसत नाही, प्रत्येक पावलाला थोडा सरकतो. सरकून सरकून खोबणीची कड झिजते, खोबण उथळ होते आणि संधिवात सुरू होतो. सैलपणाचे मूळ आनुवंशिक आहे आणि त्यात अनेक जनुकांचा हात असतो. बाटलीतले कॅल्शियम सांधा आवळू शकत नाही. शिवाय कोवळ्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम पुरेसे अडवता येत नाही, ते शरीरात शोषले जाते. नेदरलँड्समधील युट्रेख्ट येथे हेझविंकेल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेन पिल्लांवर प्रयोग केले, तेव्हा जादा कॅल्शियमने सांगाड्याची वाढच बिघडल्याचे दिसले.

समजुतीच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. नुसत्या चिकन-भातावर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम खरोखर कमी पडू शकते. पण ते किती द्यायचे, हे पशुवैद्याने आहार पाहून ठरवायचे असते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीच्या चांगल्या तयार खाद्यात ते प्रमाण आधीच जुळवलेले असते, त्यावर आणखी चमचा नको.

मग काय हातात आहे? सर्वांत आधी खाण्याचे भांडे. १९८७ मध्ये अमेरिकेत प्युरिना कंपनीने ४८ लॅब्राडॉर पिल्लांचा अभ्यास सुरू केला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाऊ घातले. फरक एवढाच. दोन वर्षांच्या वयात पोटभर खाणाऱ्या २४ पैकी १६ जणांचे खुबे सदोष ठरले, कमी खाणाऱ्या २४ पैकी ७ जणांचे. पहिल्या गटात खुब्याचा संधिवात दिसण्याच्या वयाचा मध्यक सहा वर्षे होता, दुसऱ्यात बारा. आयुष्याचा मध्यक ११.२ वर्षांवरून १३ वर्षांवर गेला. खाद्य विकणाऱ्या कंपनीच्या अभ्यासाने कमी खाऊ घालण्याची बाजू सिद्ध करावी, यामुळे त्याचे वजन वाढतेच. तरीही बाजारात ‘हेवी बोन’, ‘डबल बोन’ पिल्लाला जादा भाव मिळतो आणि गुटगुटीत लॅबचे कौतुक होते. फासळ्या डोळ्यांना ठळक दिसू नयेत, पण हात फिरवताच बोटांना लागाव्यात, असे पिल्लू निरोगी.

दुसरा दावा विक्रेत्यांचा: ‘पेपर्स आहेत, आईबाप चॅम्पियन आहेत.’ नोंदणीचा कागद वंश सांगतो, खुबा दाखवत नाही. न लंगडणाऱ्या आईबापांच्या पोटीही सदोष खुब्यांची पिल्ले जन्मतात. म्हणून खुबा एक्स-रेतच पाहावा लागतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतील ओएफए ही संस्था २४ महिन्यांच्या वयानंतरच खुब्यांना अंतिम दर्जा देते. ब्रिटनमध्ये दोन्ही खुब्यांना मिळून ० ते १०६ गुण देतात. गुण जितके कमी तितका खुबा चांगला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गेल स्मिथ यांच्या पेनहिप पद्धतीत भूल देऊन सांध्याचा सैलपणाच मोजतात, आणि तो सोळाव्या आठवड्यापासून मोजता येतो. ०.३० किंवा त्याहून कमी निर्देशांक असेल तर पुढे संधिवाताची शक्यता फार कमी.

लवकर तपासण्याचे महत्त्व इथेच आहे. जघनास्थीची वाढ थांबवून खोबणीला गोळा नीट झाकू देणारी छोटी शस्त्रक्रिया साधारण वीस आठवड्यांच्या आतच उपयोगी पडते. ‘वर्षाचा झाला की बघू’ म्हणणाऱ्यांच्या हातून ती वेळ निघून जाते.

तिसरी समजूत सर्वांत क्रूर: एक्स-रे वाईट, म्हणजे ऑपरेशन करा, नाहीतर कुत्र्याचे आयुष्य संपलेच. एक्स-रेतली झीज आणि कुत्र्याच्या वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. वजन उतरवणे, पट्ट्याला धरून नियमित चालवणे, पोहणे, गुळगुळीत लाद्यांवर सतरंजी अंथरणे आणि पशुवैद्याने दिलेले वेदनाशामक, एवढ्यावर अनेक कुत्री वर्षानुवर्षे हिंडती-फिरती राहतात. माणसांची आयबुप्रोफेनची गोळी मात्र कधीही देऊ नये, तिने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कृत्रिम सांधा बसवण्याचा पर्याय आहे, तो वेदना आटोक्यात न येणाऱ्यांसाठी.

व्यायाम बंद करा, हा सल्लाही सरसकट खरा नाही. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा मागोवा घेतला गेला. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांत धोका वाढलेला दिसला, तर त्याच वयात सौम्य चढउतारांच्या मोकळ्या मैदानात बागडणाऱ्यांत घटलेला. लिफ्ट नसलेल्या इमारतीत पिल्लाला तेवढे महिने उचलून खाली न्यावे आणि मऊ मातीवर सोडावे. आणि पिल्लू घेण्याआधी विक्रेत्याकडे आई आणि बाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत. तो ते दाखवत नसेल, तर दुसरीकडे जावे.