भटारखान्यातील सुरक्षिततेची किंमत कोणी मोजावी?

१६ ऑक्टोबर २०१५ रोजी मुंबईत कुर्ला येथील एका उपाहारगृहात गॅसगळतीतून आग भडकली आणि आठ जण मृत्युमुखी पडले. मृतांच्या नातेवाइकांच्या याचिकेवर जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेस जबाबदार धरले व प्रत्येक कुटुंबास ५० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. एकूण रक्कम चार कोटी होते. महापालिकेची तिजोरी म्हणजे करदात्यांचा पैसा. व्यावसायिकाने वाचविलेल्या खर्चाचा भार अखेर समाजावर कसा पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

प्रश्न केवळ निष्काळजीपणाचा नाही, वायूच्या गुणधर्मांचाही आहे. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोचताच ठिणगीने पेटू शकतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू मात्र हलका असल्याने छताकडे जातो. म्हणून पहिल्यासाठी गळतीसूचक यंत्र खाली हवे, तर दुसऱ्यासाठी वर. इंधन बदलून यंत्र जुन्याच जागी ठेवले, तर ते भिंतीवरची शोभाच ठरते.

वायुवीजनाची गोष्ट याहून दुर्लक्षित आहे. धूर बाहेर फेकणारा पंखा बसविला की काम झाले, असा समज आहे. परंतु जितकी हवा बाहेर जाते तितकी आत येण्यास वाट हवी. ती नसेल तर ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. गॅसला मुद्दाम दिलेला वास धोक्याची सूचना देतो. या विषाला वासच नाही. शिवाय धुराड्यात साचलेला तेलकट थर स्वतःच उत्तम इंधन असतो.

ब्रिटनमधील व्यापारी स्वयंपाकघरांच्या मानकांत यावर साधा उपाय आहे: पंखा थांबला की गॅसची झडप आपोआप बंद व्हावी. माणसाच्या दक्षतेवर विसंबणे तेथे टाळले आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून अग्निसुरक्षा यंत्रणेची तपासणी करून घेऊन दर जानेवारीत व जुलैत प्रमाणपत्र सादर करावे लागते. पण तपासणाऱ्याची निवड मालक करतो आणि मोबदलाही तोच देतो. अशा व्यवहारात परखडपणाची अपेक्षा कितपत धरावी?

छोट्या उपाहारगृहाचा मालकही भाडे आणि महागाई यांच्या कात्रीत सापडलेला असतो, हे मान्य केले पाहिजे. शेजारचा खर्च टाळत असताना एकट्याने तो केला, तर थाळीची किंमत वाढते आणि गिऱ्हाईक तुटते. म्हणूनच हा विषय व्यक्तिगत सद्‌बुद्धीवर सोडता येत नाही. स्वयंचलित झडप व हवेची वाट या परवाना नूतनीकरणाच्या अटी सर्वांवर सारख्याच लादाव्यात, छोट्यांना त्यासाठी अल्पव्याजी कर्ज द्यावे आणि तपासनिसाची नेमणूक पालिकेने करून शुल्क परवान्याबरोबर घ्यावे.

डिसेंबर २०१७ मध्ये साकीनाका येथील फरसाणाच्या दुकानास लागलेल्या आगीत बारा कामगार मरण पावले. जेथे राबायचे तेथेच झोपायचे, हेच त्यांचे जीवन होते. ग्राहक तासाभराने उठून जातो. धोका दिवसरात्र भोगणाऱ्याला मात्र परवान्याचा कागद पाहण्याचाही अधिकार नसतो. तो अधिकार देण्यापासून सुधारणेस आरंभ व्हावा.