काळ्या पट्ट्यामागचा शिक्षक

शिक्षक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फळा, खडू आणि हजेरीपट उभा राहतो. फार तर गाण्याचे बुवा आठवतात, तालमीतले वस्ताद आठवतात. पण संध्याकाळी एखाद्या शाळेच्या सभागृहात वीस-पंचवीस मुलांना रांगेत उभे करून ठोसा कसा मारावा आणि, त्याहून महत्त्वाचे, तो कधी मारू नये हे शिकविणाऱ्या कराटेच्या सरांना आपण शिक्षक म्हणतो काय? माझ्या मते म्हणत नाही. 'कराटेवाले' एवढाच त्यांचा उल्लेख होतो. हा अन्याय आहे, आणि त्याची किंमत शेवटी शिकणाऱ्यांनाच मोजावी लागते.

वास्तविक आधुनिक कराटेचा इतिहास हा बव्हंशी एका शाळामास्तरांचा इतिहास आहे. गिचिन फुनाकोशी (१८६८-१९५७) हे ओकिनावा बेटावरील शिक्षक. १९२२ साली प्रात्यक्षिकासाठी ते टोकियोला गेले आणि तेथेच राहिले. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका वसतिगृहात त्यांना आसरा मिळाला. पन्नाशी उलटलेले हे गृहस्थ दिवसा तेथील खोल्या झाडीत, बागेची निगा राखीत आणि उरलेल्या वेळात कराटे शिकवीत. पैशांची इतकी चणचण, की तेथील स्वयंपाक्याला कराटे शिकवून त्यांनी आपल्या जेवणाच्या खर्चात सवलत मिळविली, असे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितले आहे. पुढे १९२४ साली केइओ विद्यापीठात कराटेचा वर्ग निघाला. ज्या विद्येला आपण मारामारी समजतो ती टोकियोत रुजली ती अशी, एका गरीब मास्तरांच्या चिकाटीने आणि महाविद्यालयीन तरुणांच्या हातून!

आपल्याकडे तालमींना निदान आश्रय तरी होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला जे बळ दिले ते सर्वश्रुत आहे. कराटेच्या सरांना असा कोणी राजा भेटला नाही. त्यांचा सारा संसार मुलांच्या मासिक फीवर. एप्रिल-मे महिन्यांत मुले मामाच्या गावाला गेली की फी बंद, सभागृहाचे भाडे मात्र चालू. मी ज्या वर्गात गेली चार वर्षे शिकते तेथील सर दिवसभर औषधांच्या दुकानात उभे असतात आणि सायंकाळी सहाला पांढरा गणवेश चढवून आमच्यापुढे उभे राहतात.

या ओढगस्तीतूनच खरा रोग उद्भवतो. कराटेत पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंत पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला परीक्षा व परीक्षेचे शुल्क असते. मासिक फीत भागत नाही, तेव्हा परीक्षा वाढतात. परीक्षा वाढल्या की नापास कोणाला करायचे हा प्रश्न येतो, कारण नापास झालेला मुलगा वर्गच सोडून जातो. आमच्या सरांनी दोन वर्षांपूर्वी बारा जणांपैकी पाच जणांना थांबविले. त्यांतील चौघांना पालकांनी दुसऱ्या वर्गात घातले आणि तीन महिन्यांत त्यांच्या कमरेला वरचा पट्टा आला. सरांचे चार फीचे पैसे बुडाले. आता सांगा, प्रामाणिकपणाची शिक्षा कोणाला झाली?

पालकांना पट्टा हवा असतो, विद्या नव्हे. पूर्वी एक काता, म्हणजे ठोसे-पवित्र्यांचा एक ठरलेला क्रम, आत्मसात करण्यास तीन वर्षे द्यावीत अशी रीत होती. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीला जपानी भाषेत 'शोदान' म्हणतात. त्याचा अर्थ आरंभाची पायरी असा आहे. आपण मात्र तिलाच कळस समजून बसलो आहोत.

याचा अर्थ सर्वच प्रशिक्षक धुतल्या तांदळासारखे आहेत, असे मी मुळीच म्हणत नाही. स्वतःला लाथ मारता येणे वेगळे आणि दहा वर्षांच्या मुलाला ती शिकविणे वेगळे. अंग गरम न करताच मुलांना उंच लाथा मारायला लावणारे, गर्दी जमविण्यासाठी कौले फोडून दाखविणारे, शिस्तीच्या नावाखाली थपडा मारणारेही आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील छडी बंद केली, पण त्याच शाळेच्या सभागृहात संध्याकाळी काय चालते हे पाहायला कोण जातो? म्हणून पालकांनी तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात. सर परीक्षेत कधी कोणाला थांबवितात काय? इजा झाल्यास प्रथमोपचाराची सोय आहे काय? आणि वर्गाचे दार पालकांना केव्हाही उघडे आहे काय? पट्ट्याचा रंग त्यानंतर पाहावा.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्या महाविद्यालयात दरवर्षी विद्यार्थिनींसाठी दहा दिवसांचे स्वसंरक्षण शिबिर भरते. समारोपाला पाहुणे येतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, छायाचित्र निघते. हेतू चांगला आहे, पण दहा दिवसांत शिकलेला हात प्रसंगी उठत नाही. शरीराला सवय लागते ती महिनोन्‌महिने तीच हालचाल करून. प्रमाणपत्र हाती पडलेली मैत्रीण 'आता मला भीती नाही' असे म्हणते तेव्हा मलाच भीती वाटते. आमचे सर तर स्पष्ट सांगतात, की हात सोडवा, ओरडा आणि पळा. तेथे उभे राहून पराक्रम दाखवू नका. हे सांगायलाही खरा शिक्षकच लागतो.

कोणी म्हणेल, या खेळाला भवितव्य काय? २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेला प्रथमच स्थान मिळाले आणि २०२४ च्या पॅरिस स्पर्धेतून ते गेलेही. पण पदकासाठीच शिकायचे असते तर आपल्यापैकी किती जणांनी कला शाखेत प्रवेश घेतला असता?

माझी सूचना साधी आहे. शिबिराऐवजी आठवड्यातून दोन दिवस वर्षभर वर्ग चालवावा. प्रशिक्षकांना जिमखाना निधीतून दरमहा नियमित मानधन द्यावे आणि त्यांच्या जोडीला एखादी अनुभवी महिला प्रशिक्षक असावी. मानधन ठरलेले असले म्हणजे परीक्षेच्या शुल्काकडे डोळे लावून बसावे लागणार नाही, आणि 'तुझी तयारी अजून झालेली नाही' हे वाक्य विद्यार्थ्याला निर्भयपणे सांगता येईल. शिक्षकाला हे वाक्य उच्चारण्याचे स्वातंत्र्य नसेल तर तेथे शिक्षण नसते, दुकान असते. प्राचार्य आणि जिमखाना समिती यांनी याचा विचार करावा, एवढीच नम्र विनंती.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला