डोक्याला मार आणि सामन्याची घाई

गोव्यातल्या मुलाला फुटबॉल वेगळा शिकवावा लागत नाही. शाळा मराठी असो वा इंग्रजी, चार मुले जमली की चेंडू येतोच. गुडघे फुटतात, पाय मुरगळतात. त्याचे फारसे कोणाला काही वाटत नाही आणि वाटूही नये. डोक्याला बसलेल्या माराचे मात्र तसे नाही. त्याबाबत आपल्या शाळेने लेखी नियम करावा आणि तोही आंतरशालेय सामन्यांपूर्वी करावा, असे एक पालक म्हणून मला वाटते.

चेंडू हेड करायला दोन मुले एकदम उडी मारतात आणि डोक्यावर डोके आपटते. रक्त नाही, कधी टेंगूळही नाही. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. मेंदूला बसलेला मुका मार, असे आपण म्हणू. मूल बहुधा बेशुद्ध पडत नाही, आणि सीटी स्कॅनमध्येही सहसा काही दिसत नाही. दिसते ते वागण्यात. डोके दुखते, घेरी येते, ओकारी होते, उजेड सोसत नाही, मूल तोच तोच प्रश्न विचारते. कधी एक-दोन दिवसांनी चिडचिड सुरू होते, वाचलेले लक्षात राहत नाही.

आता आपल्याकडची पद्धत पाहा. डोक्यावर पाणी मारायचे आणि विचारायचे, 'बरा आहेस ना? खेळशील ना?' मुलगा म्हणतो, 'हो सर.' आणि खेळ पुढे सुरू!

2014 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा ख्रिस्टोफ क्रामर अर्जेंटिनाच्या गरायला धडकून पडला. उठून तो पुन्हा खेळू लागला आणि चौदा-पंधरा मिनिटे खेळलाही. मग त्याने पंच रिझोली यांनाच विचारले, 'हा अंतिम सामना आहे का?' पंचांनी ते श्वाइनश्टायगरच्या कानावर घातले, तेव्हा कुठे तो बाहेर आला. जगातले उत्तम डॉक्टर मैदानाशेजारी बसलेले असताना ही गत! ज्या मेंदूला मार बसला त्यालाच 'तू बरा आहेस का' असे विचारण्यात अर्थ नाही, हे विद्यार्थी मित्रांनी नीट ध्यानात घ्यावे.

29 नोव्हेंबर 2020 रोजी लंडनमध्ये वुल्व्ह्जचा राऊल हिमेनेझ आणि आर्सेनलचा दाव्हिद लुईझ यांची डोकी आपटली. हिमेनेझची कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाली, आणि लीगच्या सामन्यात तो पुन्हा उतरला तो 2021 च्या ऑगस्टमध्ये. टक्कर एकच, पण लुईझ डोक्याला पट्टी बांधून मध्यंतरापर्यंत खेळत राहिला.

त्यानंतर नियम बदलले. 2021 च्या जानेवारीपासून कन्कशनसाठी जादा बदली खेळाडूचा प्रयोग झाला. 1 जुलै 2024 पासून ती तरतूद फुटबॉलच्या नियमांतच आली. स्पर्धेच्या आयोजकांनी ती स्वीकारायची असते. एकदा असा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. ब्रिटनने 2023 मध्ये हौशी व शालेय खेळांसाठी सूचना काढल्या. शंका आली तरी मुलाला बाहेर काढायचे आणि इजेनंतर किमान 21 दिवस सामना खेळू द्यायचा नाही. तोवर लक्षणेही पूर्ण थांबलेली हवीत. याला कारण आहे. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला, तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडते, पण घडते तेव्हा ते बहुतेक कोवळ्या वयात, आणि जिवावर बेतते.

काही मुले म्हणतात, पेटर चेकसारखी टोपी घालू. चेकची कवटी 2006 च्या ऑक्टोबरमध्ये फुटली होती. तीन महिन्यांनी तो टोपी घालून परतला. ती टोपी कवटीला आधार देते. आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

आपल्या संघात मोजकी मुले, त्यातला चांगला स्ट्रायकर तीन आठवडे बसवायचा म्हणजे सरांवर दडपण येणारच. काही पालकही कडेला उभे राहून 'काही होत नाही, उठ!' म्हणतात. म्हणूनच हा निर्णय सरांच्या मनावर सोडू नये. डोक्याला मार बसून शंका आली की मूल त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. पालकांना त्याच दिवशी फोन. 21 दिवसांनंतर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच सामना. मुलाला वाचताना त्रास होत असेल, तर वर्गशिक्षकांनी गृहपाठ आणि चाचणी पुढे ढकलावी. एवढे एका पानात बसते. विश्वस्तांनी ते येत्या बैठकीत मंजूर करावे. एक प्रत प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवावी, एक संघातल्या प्रत्येक मुलाच्या घरी सहीसाठी पाठवावी.