आधी विचारावे, मग मांडावे

गेल्या आषाढीला बेळगावहून चोर्ला घाट उतरून बहिणीकडे मयेला गेलो होतो. तिच्या सासऱ्यांना, अण्णांना, आता वहीतली अक्षरे दिसत नाहीत. म्हणून भाच्याने घरच्या भजनासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. अभंगाच्या ओळी टीव्हीवर मोठ्या अक्षरांत दिसायच्या आणि पुढची ओळ लॅपटॉपवरून निवडायची.

टाळ वाजू लागले, भाच्याने बटण दाबले, पण टीव्हीवर काहीच नाही. ओळींची खिडकी लॅपटॉपवरही दिसेना. अण्णांनी आठवेल तसे म्हटले. एक कडवे राहूनच गेले. कोणी बोलले नाही, पण पोराचा चेहरा उतरला. "मामा, हॉस्टेलवर नीट चालत होता हो!"

रात्री दोघे बसलो. मी मराठीचा मास्तर, चूक त्यालाच सापडली. हॉस्टेलवर दुसरा मॉनिटर लॅपटॉपच्या उजवीकडे असे. लॅपटॉपची रुंदी १३६६ ठिपके, म्हणून 'खिडकी १३६६ पासून उघड' असे त्याने कायमचे लिहून ठेवले होते. मयेच्या घरी टीव्ही डावीकडे, आणि सेटिंगमध्येही तो डावीकडेच मांडलेला. विंडोजमध्ये मुख्य पडद्याचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य. त्याच्या डावीकडचे आकडे उणे. १९२० ठिपक्यांचा तो टीव्ही उणे १९२० पासून सुरू होत होता. खिडकी उघडली होती, पण जिथे पडदाच नाही अशा जागी!

खरे तर प्रोग्रामने विंडोजलाच विचारायचे असते. एकाहून अधिक पडद्यांची सोय विंडोज ९८ पासून आहे. 'गेट सिस्टम मेट्रिक्स' पडदे किती ते सांगते, 'एनम डिस्प्ले मॉनिटर्स' प्रत्येकाची जागा आणि लांबी-रुंदी सांगते. मात्र दोन्हींवर एकच चित्र ठेवले, तर उत्तर 'एक' असेच येते. केबल काढली की मोजणी बदलते, म्हणून एकदाच विचारून भागत नाही.

मला आमचे घर आठवले. दारात पाऊल वाजले की आई आतून विचारायची, "यार बंदार?" कोण आले ते कळल्यावर मराठीत बोलायचे की कन्नडमध्ये, ते ठरायचे. काल शेजारच्या काकू आल्या म्हणून आजही त्याच असतील, असे तिने कधी धरले नाही. सीमेवरच्या आपल्या घरांना हे शिकवावे लागत नाही. प्रोग्रामला मात्र लिहून द्यावे लागते.

भाच्याने पहाटेपर्यंत बसून तेवढ्या ओळी बदलल्या. टीव्ही डावीकडे, उजवीकडे, केबल काढून, सगळे करून पाहिले. टीव्ही नसेल तर खिडकी लॅपटॉपवरच उघडेल, हेही घातले.

द्वादशीचे पारणे झाल्यावर त्याने अण्णांना टीव्हीसमोर बसवले. अण्णांनी राहिलेले कडवे वाचून म्हटले आणि म्हणाले, "पुढचे लाव."