येझदी आणि घाटाची उतरण

येझदी घेऊन लांब निघालो की नातेवाईकांचा ठरलेला प्रश्न : "पोचेल का रे?" माझं मत स्पष्ट आहे, पोचते. फक्त तिला नव्या गाडीसारखी हाणायची नाही.

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला, म्हणजे सगळ्यात धाकटी टू-स्ट्रोक येझदीसुद्धा आता तिशीला टेकली. (२०२२ ला आलेली फोर-स्ट्रोक येझदी वेगळी, तिचा इथे संबंध नाही.) द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी, त्यामुळे आम्ही नवी मुंबईकर पनवेलहून जुन्या हायवेनेच खोपोली गाठतो.

लोक बोरघाट चढायला घाबरतात. खरी मेख आहे पुण्याहून परतताना, उतरणीवर. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. गाडी गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल पूर्ण सोडलं की पेट्रोल जवळजवळ थांबतं, त्याबरोबर ऑइलही, आणि मागचं चाक मात्र इंजिनाला गरागरा फिरवतच राहतं. तापलेला पिस्टन कोरडा घासतो आणि सीझ होतो. मग दोष गाडीच्या वयाला! उतरताना ब्रेक लावत का होईना, अधूनमधून थ्रॉटल थोडं उघडायचं.

सपाटीवर साठ-पासष्टला सुखाने चालते, तिथे ताणू नये. मोठा जेट वगैरे प्रयोग तर निघायच्या आदल्या दिवशी मुळीच नकोत. पॉइंट, चेन बघायची, एक जादा प्लग खिशात टाकायचा, झालं. आणि हो, ई२० पेट्रोलमधलं इथेनॉल जुने रबरी पाइप, सील खातं. ते आधी बदलून घ्या.