मोळीचे वजन

आलापल्लीच्या डेपोत सागवानाच्या प्रत्येक ओंडक्याचा हिशेब असतो. लांबी-गोलाई मोजली जाते, नंबर पडतो, हातोड्याचा शिक्का बसतो, घनमीटरमध्ये नोंद होते. त्याच जंगलातून संध्याकाळी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन बाई घराकडे निघते. त्या लाकडाची नोंद कुठेच नसते. त्यावर रात्रीचा भात शिजतो, एवढेच.

घरातली बिनपगारी कामे देशभर मोजली गेली ती २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोजची सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषाची ९७. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ होते. म्हणजे पुरुषही दीड तास राबतो की, असे कोणी म्हणेल. पण ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची आहे. २०१९ मध्ये शंभरातल्या ७४ पुरुषांनी पाहणीच्या दिवशी घरकामाला हातच लावला नव्हता.

आलापल्ली, अहेरी, भामरागडच्या पट्ट्यात तर ही मोजणीही तोकडी पडते. सर्वेक्षणाच्या भाषेत स्वयंपाक, धुणी-भांडी हे घरकाम. पाणी भरणे आणि सरपण आणणे मात्र वेगळ्या रकान्यात, स्वतःच्या वापरासाठीचे उत्पादन म्हणून. हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. पण त्याचा अर्थ असा की त्या २९९ मिनिटांत मोळी नाही आणि हंडाही नाही.

शरीराला रकाने कळत नाहीत. डोक्यावरचा भार मानेवर आणि कंबरेवर येतो. बाळंतपणानंतर लवकर जड उचलले तर अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. चुलीचा धूर फुप्फुसात जातो, तोही स्वयंपाक करणारीच्या आणि तिच्या कडेवरच्या पोराच्या. देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. पुरुषांत हे प्रमाण साधारण चौघांत एक. तेव्हा रक्त कमी आणि ओझे जास्त, हे दोन्ही बऱ्याचदा एकाच अंगावर येते.

याहून वाईट म्हणजे दवाखान्यासाठी वेळच उरत नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. लाज, अंतर, पैसा, स्त्री डॉक्टर नसणे ही कारणे आहेतच. पण अख्खा दिवस तालुक्याला घालवायचा तर त्या दिवशी घरची चूल कोण पेटवणार, हा प्रश्नही त्यांच्याच रांगेत बसायला हवा.

‘ही कामे बायकांनाच जमतात’ हे म्हणणे इथे तरी टिकत नाही. उन्हाळ्यात तेंदूचा हंगाम आला की घरचे पुरुषही पहाटे जंगलात जातात, पाने तोडतात, दुपारी अंगणात बसून बोटांनी पुडे बांधतात. नाजूक, कंटाळवाणे, बसून करायचे काम. पण त्याचे पैसे मिळतात. सरपणाचेही तसेच. सायकलवर लादून आणायचे असेल तर ते गड्याचे काम होते, डोक्यावरून आणायचे असेल तर बाईचे. लाकूड तेच, जंगल तेच.

गरोदर बाईला आरोग्यसेवा सांगते: दुपारी दोन तास आराम करा, जड उचलू नका. सल्ला शंभर टक्के बरोबर, पण तो चुकीच्या माणसाला दिला जातो. ते दोन तास तिच्या हातात नसतात. तपासणीला नवरा सोबत आला तरी तो बहुधा बाहेर गाडीजवळ उभा असतो. लोहाच्या गोळ्या लिहून देताना त्याला आत बोलवावे आणि घरी पाणी कोण भरते, सरपण कोण आणते, हे नर्सताईंनी त्यालाच विचारावे. उत्तर कार्डावर लिहावे, आणि पुढच्या महिन्यात वजन, रक्तदाब घेताना पुन्हा विचारावे. सरपण आणायला सायकल पुरते. त्याने आणलेली तर मोटारसायकल आहे.